पहाटे पावणेपाचचा डबा

प्रश्न : ताई, मी भुसावळला राहते, वय ३२. मुलगी दुसरीत आहे, मुलगा अडीच वर्षांचा. मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. मिस्टर रेल्वेत रनिंगला, म्हणजे धावत्या गाडीवर ड्युटी, त्यामुळे ते घरी कधी असतील याचा नेम नसतो. सासूबाई आमच्याजवळ असतात, त्यांचे गुडघे गेलेत. मी पहाटे पावणेपाचला उठते. मुलीच्या वर्गातल्या आयांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर रोज डब्यांचे फोटो येतात. मीही गाजराची फुलं कापते, चार कप्प्यांत चार पदार्थ भरते, तरी डबा निम्मा परत येतो. मुलगा मोबाईल लावल्याशिवाय घास घेत नाही, दुधावरच असतो. त्याचं वजन १२ किलो ४०० ग्रॅम आहे. मुलीला अबॅकस, फोनिक्स आणि डान्स असे तीन क्लास आहेत. मागच्या आठवड्यात मुलानं वरणाची वाटी उपडी केली आणि मी त्याला पाठीत धपाटा घातला. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. सासूबाई म्हणतात, ‘आम्ही पाच-पाच पोरं वाढवली, आमचं नाही असं कधी झालं.’ रील्समध्ये शांत आई कसं व्हायचं ते सांगतात, तेही जमत नाही. मी आई म्हणून कमी पडतेय का? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई माहेरी बोलावतेय, पण मुलीचा समर क्लास बुडेल. जाऊ की नको?

उत्तर : पोरी, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. आखाजीला माहेरी जा. क्लास बुडतो तर बुडू दे.

बाकीचं पत्र मी दोनदा वाचलं. नळ सोडून रडलीस त्या ओळीशी थांबले. तीस वर्षं अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात फिरले, तेवढ्या काळात नळाचा तो आवाज बऱ्याच घरांतून ऐकला आहे. तू कमी पडतेस असं मला पत्रात कुठेही दिसलं नाही. कामं फार झालेली दिसली. आणि एक सांगू? ‘शांत राहा’ म्हटल्यामुळे एखादी आई शांत झाली, असं मी कधीच पाहिलं नाही. तिच्या डोक्यावरचं एखादं काम कोणी उचललं की चार दिवसांत तिचा चेहरा बदलायचा. म्हणून तुला मी मन शांत करायचे उपाय सांगणार नाही. काय सोडायचं आणि काय दुसऱ्याच्या हातात द्यायचं, एवढंच बोलू.

डब्यापासून सुरुवात करू. शाळेची मधली सुट्टी जेमतेम असते. सात वर्षांच्या पोरीला त्यात हात धुवायचे असतात, मैत्रिणीशी भांडायचं असतं, पळायचं असतं आणि उरलेल्या वेळात खायचं असतं. चार कप्पे तिला पुरे होणारच नाहीत. तिला एका हातात धरून खाता येईल असं काहीतरी दे. दशमी दे. शेंगदाण्याची चटणी आणि तूप लावून पोळीची गुंडाळी दे. गूळ-शेंगदाण्याचा लाडू दे, आणि सोबत केळं. आपल्या जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते देशभर जातं, आणि आपल्याच पोरांच्या डब्यात मात्र गाजराची फुलं. तीन डबे ठरव आणि आठवडाभर तेच फिरवत राहा. लहान मुलांना रोज तेच खायला मिळालं तर बरंच वाटतं, कंटाळा आपल्याला येतो. या डब्याला वीस मिनिटं लागतात. म्हणजे तू पावणेसहाला उठू शकतेस. एक तासाची झोप म्हणजे किती मोठी गोष्ट आहे, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

दिवसभरातल्या प्रत्येक कामाला मनातल्या मनात एक प्रश्न विचारून बघ. हे मी सोडलं तर चार दिवसांनी कोणाच्या लक्षात येईल, पोराच्या की ग्रुपच्या? गाजराची फुलं ग्रुपच्या लक्षात येतील. झोपताना पाठीवरून हात फिरला नाही तर ते पोराच्या लक्षात येईल, तेही त्याच रात्री. असं करत गेलीस तर निम्मी कामं आपोआप बाजूला पडतील.

आता तुझ्या मुलाचं जेवण. यावर जरा थांबून लिहिते, कारण बहुतेक घरांतली भांडणं इथेच सुरू होतात. अंगणवाडीत दर महिन्याला वजनं घेतात. आमच्या वेळी दाराच्या चौकटीला सॉल्टर काटा अडकवायचा, त्याच्या झोळीत मूल बसवायचं. मूल तंगड्या झाडत रडायचं, काटा हलत राहायचा, आणि आई श्वास रोखून काट्याकडे बघायची. त्या क्षणी प्रत्येक आईला वाटायचं, आपलीच परीक्षा चालू आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या आया सगळ्यात जास्त घाबरलेल्या असायच्या. ‘बाई, आधी कसा दणादण खायचा, आता तोंडच उघडत नाही.’ घरी मीठ-मिरच्या ओवाळून झालेल्या असायच्या.

कारण अगदी साधं आहे. जन्माला तीन किलोचं असलेलं मूल पहिल्या वाढदिवसाला साधारण नऊ किलोचं होतं, म्हणजे तिप्पट. पुढच्या सबंध वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढतं, आणि त्यानंतरही वर्षाला दोन किलोच्या आसपास. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. पोर बिघडलेलं नसतं, त्याच्या पोटाला तेवढंच हवं असतं. आपण मात्र पहिल्या वर्षाच्या भुकेचं माप धरून बसतो, मागे वाटी घेऊन पळतो, आणि पळून थकलो की मोबाईल लावतो. मोबाईल बघताना मूल गिळतं, पण पोट भरल्याचं त्याला कळत नाही. तुझ्या मुलाचं १२ किलो ४०० ग्रॅम वजन त्याच्या वयाला ठीक आहे. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यात ते हिरव्या पट्ट्यातच येईल. कार्ड सापडत नसेल तर जवळच्या अंगणवाडीत जाऊन वजन करून घे, सेविका तुझ्यासमोर ठिपका मांडून दाखवेल. वजन सलग दोन-तीन महिने हललंच नाही किंवा खाली आलं, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखव.

एलिन सॅटर या अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ बाईंनी जेवणाची एक वाटणी सांगितली आहे, ती मला फार पटते. काय वाढायचं, केव्हा वाढायचं आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलानं ठरवायचं. तुझ्या वाट्याचं काम ताट वाढलं की संपतं. घास पोटात ढकलणं तुझं काम नाही. संध्याकाळी सात वाजता जमिनीवर जुनी सतरंजी टाक, त्यावर त्याचं ताट ठेव. वरणात कुस्करलेली बट्टी, मुगाची खिचडी किंवा ताकातला भाकरीचा काला, आणि तूप. सोबत घरातलं कोणीतरी त्याच्याबरोबर जेवत असू दे. सांडलं तर सतरंजीवर सांडेल. पंधरा-वीस मिनिटांनी ताट उचल, काहीही न बोलता. पहिले तीन-चार दिवस तो रडेल आणि कमी खाईल. धडधाकट मूल भरल्या घरात स्वतःला उपाशी ठेवत नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण मी ते शेकडो वेळा बघितलं आहे.

दूध मात्र कमी कर. दिवसभरात मिळून अर्ध्या लिटरच्या आतच राहू दे, आणि बाटलीतून अजिबात नको. दुधानं पोट भरतं, पण त्यात लोह जवळजवळ नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातली सहा महिने ते पाच वर्षांची शंभरातली ६७ मुलं रक्तक्षयाची निघाली. खात्यापित्या घरातली दुधावर वाढणारी मुलंही यात सापडतात.

मोबाईल पूर्ण बंद कर असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तितकं चांगलं. तू आंघोळीला गेलीस आणि त्यानं पंधरा मिनिटं काही बघितलं, तर त्यासाठी मनाला खात बसू नकोस. जेवताना आणि झोपताना नको, एवढं सांभाळ.

धपाट्याबद्दल लिहायचं टाळणार नाही. तो चुकला. तुला ते माहीत आहे, म्हणूनच तू रडलीस. पण चुकल्यानंतर काय करायचं हे कोणी शिकवत नाही. मुलाजवळ खाली बसायचं आणि त्याला कळेल अशा शब्दांत सांगायचं, ‘वरण सांडलं म्हणून आईला राग आला. आईनं मारलं, ते चुकलं. चल, आपण दोघं पुसू.’ एक फडकं त्याच्या हातात, एक तुझ्या. तो पुसण्यापेक्षा पसरवेलच जास्त, ते चालतं. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आया आणि बाळं यांचं एकमेकांशी वागणं बारकाईनं पाहिलं. चांगल्या जोड्यांचेही सूर साधारण एक तृतीयांश वेळच जुळलेले असतात, बाकीचा वेळ सूर चुकणं आणि परत जुळवणं चालू असतं. परत जुळवण्यातूनच मुलाला कळतं की आई रागावली तरी आपलीच आहे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी तर १९५३ मध्येच ‘पुरेशी चांगली आई’ असा शब्द वापरला होता. आई आपल्या प्रत्येक हाकेला त्याच क्षणी पोचत नाही, हे मूल हळूहळू सोसायला शिकतं आणि त्यातूनच मोठं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तू आत्ताच पुरेशी चांगली आहेस, पोरी.

आता सासूबाईंचं वाक्य. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. मला चोपड्याकडचं एक शेत आठवतं. डिसेंबर होता, कापसाची वेचणी चालू होती. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी टांगलेली, झोळीत आठ-नऊ महिन्यांचं मूल. झोळीची दोरी एका मुलीच्या हातात, असेल आठ वर्षांची. थोड्या वेळानं आई आली. बोंडांच्या वाळल्या टोकांनी तिची बोटं ओरखडलेली होती. तिनं पाणी प्यायलं, मूल पदराखाली घेतलं, पाजलं, दोन थापट्या मारल्या, परत झोळीत ठेवलं आणि कंबरेची ओटी सावरत पुन्हा ओळीत शिरली. चेहऱ्यावर ना घाई, ना अपराधी भाव. मूलही गप. मला वाटलं, याला म्हणतात आईपण, आम्ही शिकलेल्या बायकाच उगाच जीव काढतो. मग त्या मुलीला विचारलं, कितवीत आहेस? ती म्हणाली, तिसरीत. शाळेत मात्र ती दिवाळीपासून गेलीच नव्हती.

त्या दिवसापासून जुन्या काळच्या निवांतपणाबद्दल बोलताना मी जपून बोलते. तो निवांतपणा आईच्या स्वभावात नव्हता. तो कोणाच्या तरी हातांवर उभा होता, कधी मोठ्या जावेच्या, कधी आजीच्या, आणि फार वेळा त्या घरातल्या मोठ्या मुलीच्या. एक दिवस सासूबाईंचे पाय चेपताना सहज विचार, ‘तुमची पोरं दिवसभर कोणाजवळ असायची?’ भांडणाच्या सुरात नको, खरंच ऐकायचं म्हणून विचार. त्या मोठ्या जावेचं नाव घेतील, गल्लीतल्या ओट्याचं सांगतील, शेजारच्या म्हातारीचं सांगतील. सांगता सांगता त्यांच्याच लक्षात येईल की त्यांची पाच पोरं निदान चार बायकांनी मिळून वाढवली. तू बंद दाराच्या फ्लॅटमध्ये नोकरी सांभाळून एकटी आहेस.

म्हणून हात शोधायचे. पहिले हात तुझ्या मिस्टरांचे. रनिंगची नोकरी मी ओळखते, भुसावळमध्ये कोण ओळखत नाही. हेडक्वार्टरला रेस्ट असते तेव्हाची त्यांची झोप कोणी मोडायची नाही, कारण मागच्या डब्यांत झोपलेली सगळी माणसं त्यांच्या डोळ्यांवर विसंबलेली असतात. पण जागे असतात ते तास? ‘जरा मदत करा’ म्हणू नकोस. मदत म्हटलं की काम तुझंच राहतं, आठवणही तूच करायची. अख्खं काम द्यायचं. ते घरी असतील त्या दिवशी मुलाची आंघोळ आणि झोपवणं त्यांचं, तू त्या खोलीत जायचंसुद्धा नाही. ते वेगळ्या पद्धतीनं करतील, पावडर जास्त लावतील, करू दे.

आणि दुसरं काम असं, जे बाहेरगावच्या रनिंग रूममध्ये बसूनही करता येतं. शाळेच्या ग्रुपवर त्यांचा नंबर टाक आणि तुझा काढ. फी, प्रोजेक्ट, ‘उद्या पिवळा ड्रेस’, सगळे निरोप त्यांनी वाचायचे आणि लागणारं सामान त्यांनीच सांगायचं. ग्रुप आयांचा म्हणून चालतो ना? अ‍ॅडमिनला म्हणावं, नाव बदलून पालकांचा करा. एका बापानं पाऊल टाकलं की बाकीच्या आयाही हळूच आपल्या नवऱ्यांचे नंबर देतील. ग्रुपवर तू नसलीस की डब्यांचे फोटोही तुझ्यापर्यंत येणार नाहीत.

सासूबाईंना बसल्या जागेचं काम दे. उचलायचं, पळायचं काम त्या गुडघ्यांना देऊ नकोस. सात वाजता नातवाबरोबर ताटावर बसणं त्यांना जमेल. जेवताना त्यांनी त्याला अहिराणीत गोष्ट सांगावी. मोबाईलची जागा गोष्टच घेऊ शकते, आणि आजीची भाषाही त्याच्या कानावर पडेल.

मुलीच्या क्लासबद्दल थोडक्यात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही तीन ते आठ वर्षांच्या मुलांचं शिक्षण खेळातून, करून बघण्यातून व्हावं असंच धरलं आहे. तुझी मुलगी त्याच वयात आहे. तिलाच विचार, तीनपैकी कोणता ठेवायचा. ती म्हणेल तो एक ठेव. दोन संध्याकाळी मोकळ्या होतील. त्या मोकळ्या वेळात तिला कंटाळा येईल, ती तुझ्या मागे भुणभुण करेल, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच काहीतरी काढून बसेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, अकरा ते पाच पोरं घरातच असतात. तेव्हा वर्कशीट शोधत बसू नकोस. सकाळी सहाला गच्चीवर ने. बिबडे, पापड घालायला घे, तिला ओल्या पिठाच्या लाट्या खाऊ दे, कावळे हाकायला काठी दे.

एक गोष्ट तुझ्या स्वतःच्या तब्येतीची. सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन बघून घे, डॉक्टरांना थायरॉइडचंही विचार. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय होता. रक्त कमी असलं की चिडचिड होते, दम लागतो, आणि बाई समजते आपला स्वभावच वाईट. झोप पुरी होऊनही रोज रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, आणि हे दोन आठवड्यांवर चाललं असेल, किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर ‘टेलि मानस’च्या १४४१६ या नंबरावर लगेच फोन कर. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. त्यात कमीपणा वाटून घ्यायचं काहीच नाही.

आणि आखाजी. आपल्या खान्देशात सासुरवाशिणीनं माहेरी यायचं, निंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर बसायचं, गौराईची गाणी म्हणायची आणि चुलीकडे बघायचं नाही, असा हा सण आहे. ज्या काळात बाईला सुट्टी हा शब्दही माहीत नव्हता, त्या काळात बायकांनी तो सांभाळून ठेवला. तू तो क्लासपायी सोडू नकोस. एकच बॅग भर. पुस्तकं, वर्कशीट काही नको. आईला आधीच सांग, पहिले दोन दिवस मला उठवू नको, पोरं तुझ्याजवळ आणि मामाजवळ.

सासूबाई एकट्या राहतील म्हणून अडू नकोस. आखाजी त्यांच्या लेकीचीही आहे. नणंदेला आत्ताच फोन कर आणि माहेरी बोलाव. मिस्टरांना त्या दोन दिवसांची रजा टाकायला सांग. बिबड्यांचा डबा खालच्या फळीवर काढून ठेव, म्हणजे सापडेल. आणि त्यांना बजावून जा की बहिणीला ओट्याजवळ उभं राहू द्यायचं नाही, वरण-बट्टी त्यांनीच लावायची. येत नसेल तर सासूबाई खुर्चीत बसून सांगतील, बट्टीच्या पिठात मोहन किती घालायचं ते.